दुकान सेलूत, पत्ता डॉट इनवर: डोमेन घेताना आधी कोणाच्या नावावर ते बघा

सेलूच्या बाजारात कुठल्याही नव्या दुकानाची पाटी बघा. वर दुकानाचं नाव, खाली प्रोप्रायटरचं नाव, दोन मोबाइल नंबर आणि हल्ली कोपऱ्यात इन्स्टाग्रामचं चिन्ह. दुकान स्वतःचं, गाळा स्वतःचा, पण ऑनलाइन धंदा मात्र दुसऱ्याच्या ओट्यावर मांडलेला.

ओटा दुसऱ्याचा असला की काय होतं ते आपण बघितलंय. २९ जून २०२० ला भारतात टिकटॉक बंद झालं आणि लोकांचे जमवलेले फॉलोअर एका रात्रीत गेले. त्यापेक्षा कमी गाजलेली गोष्ट म्हणजे गुगलची. गुगल मॅपवर दुकान टाकलं की एक साधी वेबसाइट फुकट बनवून मिळायची, आणि खेड्यापाड्यातल्या कितीतरी दुकानांची ती एकमेव वेबसाइट होती. मार्च २०२४ मध्ये गुगलनं या सगळ्या वेबसाइट बंद केल्या. ज्यांनी तो लांबलचक पत्ता व्हिजिटिंग कार्डावर छापला होता, त्यांची कार्डं रद्दीत गेली.

डोमेन घ्यायचं ते यासाठी. 'वेबसाइट असली की भारी वाटतं' म्हणून नाही. पत्ता आपला राहावा आणि त्यामागचं घर हवं तेव्हा बदलता यावं, म्हणून.

हे चालतं कसं, ते थोडक्यात सांगतो. इंटरनेटवरचं प्रत्येक मशीन आकड्यांच्या पत्त्यानं ओळखलं जातं. ते आकडे कोणाच्या लक्षात राहणार? म्हणून त्यावर नावाची पाटी लावायची सोय केली, तीच डोमेन. तुम्ही ब्राउझरमध्ये नाव टाकलं की फोन डीएनएस नावाच्या व्यवस्थेला विचारतो, 'हे नाव कुठं राहतं?', आणि तिकडून आकडा येतो. कोणत्या नावाला कोणता आकडा, ही नोंद डोमेनचा मालक कधीही बदलू शकतो. शिवाय डोमेन विकणाऱ्या बहुतेक कंपन्या 'फॉरवर्डिंग' देतात. म्हणजे वेबसाइट नसली तरी नाव आज इन्स्टाच्या पेजकडे वळवा, उद्या व्हॉट्सॲप चॅटकडे, दोन वर्षांनी खरी वेबसाइट झाली की तिकडे. बिलबुकावर आणि पिशवीवर छापलेलं नाव तेच राहतं.

नावाच्या शेपटीला देश असतो

नावाच्या शेवटचा भाग, म्हणजे डॉट कॉम, डॉट इन वगैरे, याला टीएलडी म्हणतात. ही शेपटी दोन इंग्रजी अक्षरांची असेल तर ती कुठल्या तरी देशाची किंवा प्रदेशाची असते. भारत डॉट इन, नेपाळ डॉट एनपी, जर्मनी डॉट डीई. आता डॉट एआय बघून कोणालाही वाटेल की ती आर्टिफिशियल इंटेलिजन्सची शेपटी. ती आहे अँग्विलाची, कॅरिबियन समुद्रातलं एक छोटंसं ब्रिटिश बेट. डॉट टीव्ही तुवालूची, डॉट सीओ कोलंबियाची. गुगलही डॉट इनकडे 'हे भारतासाठी' असं बघतं, पण डॉट एआय, डॉट सीओ यांना कोणत्याही एका देशाला जोडत नाही.

शेपटी ज्याची, नियम त्याचे. डॉट ईयू ही युरोपीय संघाची. ब्रिटन संघातून बाहेर पडला आणि १ जानेवारी २०२१ ला तिथल्या लोकांची डॉट ईयू नावं निलंबित झाली. नाव घेणाऱ्याची काही चूक नव्हती, देश बाहेर पडला एवढंच.

यापेक्षा जवळचं उदाहरण म्हणजे फुकट डोमेन. इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टसाठी ज्यांनी डॉट टीके, डॉट एमएल किंवा डॉट जीए घेतलं असेल त्यांना आठवेल. टीके म्हणजे टोकेलाऊ हा न्यूझीलंडच्या अखत्यारीतला बेटांचा पुंजका, एमएल म्हणजे माली, जीए म्हणजे गॅबॉन. फ्रीनॉम नावाची कंपनी या शेपट्या फुकट वाटायची आणि फिशिंगवाल्यांचं त्यात भलतंच फावायचं. मेटानं तिच्यावर दावा ठोकला, २०२३ मध्ये फ्रीनॉमनं नवी नोंदणी थांबवली, त्याच वर्षी गॅबॉन आणि मालीनं आपापल्या शेपट्या परत घेतल्या. गॅबॉननं तर लाखोंच्या संख्येनं नावं उडवून टाकली. फुकट घेतलेल्या नावावर धंदा उभा करू नका, हे मी गावाकडच्या पोरांना नेहमी सांगतो. कारण हेच.

डॉट इन कोणाकडे असतं?

डॉट इन १९८९ पासून आहे. सुरुवातीची बरीच वर्षं ते मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या सरकारी संस्थेकडे होतं. नियम कडक, कागदपत्रं फार, त्यामुळे तेव्हा नोंदणी जेमतेम काही हजारांची. २००५ च्या सुरुवातीला नियम सैल केले आणि काम निक्सीकडे, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाकडे आलं. तेव्हापासून साधा नियम असा: जो आधी येईल त्याला नाव.

निक्सी स्वतः काउंटर मांडून बसत नाही. मोंढ्यातला ठोक व्यापारी आणि गल्लीतलं किराणा दुकान, असा हा प्रकार. ठोक व्यापारी निक्सी, तिला रजिस्ट्री म्हणतात. किरकोळ विकणारे म्हणजे रजिस्ट्रार: गोडॅडी, बिगरॉक, हॉस्टिंगर वगैरे. त्यांच्याही खाली रिसेलर असतात. आणि सगळ्यात खाली 'वेबसाइट बनवून देतो' म्हणणारा आपला ओळखीचा मित्र. जेवढ्या पायऱ्या वाढतात, तेवढं नाव तुमच्या हातातून लांब जातं. याकडे पुढे येतो.

डॉट इनच्या पोटात आणखी प्रकार आहेत. डॉट को डॉट इन पूर्वी नोंदणी झालेल्या कंपन्या, बँका आणि ट्रेडमार्कवाल्यांसाठी होतं, आता कोणालाही मिळतं. म्हणून नुसतं डॉट को डॉट इन दिसलं म्हणजे मोठी कंपनी, असं धरून चालू नका. काही शेपट्या मात्र विकतच मिळत नाहीत. परभणी जिल्ह्याची सरकारी वेबसाइट 'परभणी डॉट गव्ह डॉट इन' आहे. हे गव्ह डॉट इन फक्त सरकारला मिळतं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या पत्त्यातलं एसी डॉट इन फक्त शिक्षणसंस्थांना. आणि २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांसाठी 'बँक डॉट इन' ही वेगळी शेपटी आणली. सगळ्या बँकांनी, सहकारी बँकांनीही, ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिकडे जावं असा आदेश होता. ती फक्त हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडून मिळते. म्हणजे बँकेच्या नावानं लिंक आली आणि शेवट बँक डॉट इन नसेल, तर आधी शंका घ्या, मग बोट लावा.

दुकानासाठी माझं मत सरळ आहे. गिऱ्हाईक परभणी, जालना, पुणे, फार तर अख्ख्या भारतात असेल तर डॉट इन घ्या. तेच नाव डॉट कॉममध्ये मोकळं असेल आणि परवडत असेल तर तेही घेऊन डॉट इनकडे वळवून ठेवा. डॉट शॉप, डॉट स्टोअर, डॉट ऑनलाइन यांच्या मागे लागू नका. पहिल्या वर्षी स्वस्त दिसतात, दुसऱ्या वर्षीचा दर बघितला की डोळे पांढरे होतात.

सेलूचं स्पेलिंग काय?

आता खरी अडचण. आपलं नाव मराठी आणि डोमेन इंग्रजी अक्षरांत.

सेलूचंच घ्या. आपण सहसा एस-ई-एल-यू लिहितो. जनगणनेच्या इंग्रजी यादीत ते एस-ए-आय-एल-यू आहे. वर्धा जिल्ह्यातही सेलू नावाचा तालुका आहे, तिथं शेवटी दोन ओ लावतात. कर्जत लाइनवर नेरळच्या अलीकडे शेलू स्टेशन आहे, वाशिमकडे शेलूबाजार. गिऱ्हाइकानं ऐकून टाइप केलं तर तो यातल्या कुठल्या गावात जाऊन पडेल, देव जाणे. म्हणून डोमेनमध्ये गावाचं नाव घालताना दोनदा विचार करा. उद्या मानवतला किंवा पाथरीला शाखा काढली तर ते नाव तिथं अडचणीचंच ठरणार.

पण नुसतं 'माउली' मिळणार आहे का? नाही मिळणार. महाराष्ट्रात माउली नावाची दुकानं किती असतील ते मोजायला गेलं तर वारी निघेल. मग 'माउली' अधिक धंदा, असं काहीतरी करावं लागतं: मसाले, साडी, ॲग्रो, मोबाइल. 'श्री' असेल तर आणखी गोंधळ, कारण कोणी एस-एच-आर-ई-ई लिहितं, कोणी एस-एच-आर-आय, कोणी एस-आर-ई-ई. अशा नावांसाठी एक सोपी परीक्षा आहे. घरातल्या कोणालातरी, शक्यतो आईला किंवा काकांना, फोन करून नाव फक्त तोंडी सांगा आणि लिहून घ्यायला लावा. तिघांना सांगून दोघांनी एकच स्पेलिंग लिहिलं तर नाव चालेल. तिघांनी तीन लिहिली तर दुसरं नाव शोधा. मधे डॅश असलेलं नाव घेऊच नका. 'मधे आडवी रेघ' हे फोनवर सांगताना तुम्हीच कंटाळाल.

मग देवनागरीतच का घेऊ नये? घेता येतं. २७ ऑगस्ट २०१४ पासून डॉट भारत सुरू आहे, आणि मराठी, हिंदी, कोकणी अशा देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या भाषांतली नावं त्यात घेता येतात. स्पेलिंगची भानगड मिटते. पण मिटते म्हणजे पूर्ण मिटत नाही. 'सेलू' दीर्घ आणि 'सेलु' ऱ्हस्व, ही कॉम्प्युटरसाठी दोन वेगळी नावं. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घाचं काय चालतं ते कोणत्याही फ्लेक्सवर बघा.

आतली गोष्ट अशी की डीएनएसला अजूनही इंग्रजी अक्षरंच कळतात. देवनागरी नाव आत जाताना सांकेतिक रूपात बदलतं. 'भारत'चं आतलं रूप एक्स-एन, दोन डॅश, मग एच-२-बी-आर-जे-९-सी असं आहे. ब्राउझर हे सगळं पडद्यामागे करतो. पण प्रत्येक ॲपमध्ये मराठी पत्त्याची निळी लिंक होईलच असं नाही, आणि मराठी ईमेल पत्ता अजून बऱ्याच फॉर्मना चालत नाही. फोनवर मराठी कीबोर्डनं टाइप करताना पूर्णविरामाच्या ठिकाणी दंड पडला तरी साइट उघडत नाही. म्हणून डॉट भारत जरूर घ्या, पाटीवर झोकात लिहा, पण ते डॉट इनच्या जोडीला. एकटं नको.

डोमेनचा सातबारा

हा भाग नीट वाचा, कारण नुकसान इथंच होतं.

सेलूतल्या माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराला एका पोरानं वेबसाइट बनवून दिली. पैसे दुकानदाराचे, नाव दुकानाचं. पण डोमेन पोराच्या अकाउंटवर, पोराच्या ईमेलवर, पोराच्या नंबरवर. पोराला पुण्यात नोकरी लागली, नंबर बदलला, तो जुना ईमेल बघायचा बंद झाला. 'मुदत संपतेय' असे मेल येत राहिले, वाचणारं कोणी नव्हतं. नाव सुटलं. आज त्या पत्त्यावर सट्ट्याची साइट उघडते, आणि दुकानाच्या शटरवर तोच पत्ता ऑइल पेंटनं रंगवलेला आहे. पोरानं फसवलं असं नाही. जमीन कसणाऱ्याची आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, एवढंच झालं.

डोमेनलाही सातबारा असतो. त्याला हूइज म्हणतात. कोणत्याही हूइज साइटवर नाव टाका: कोणत्या रजिस्ट्रारकडे आहे, कधी घेतलं, मुदत कधी संपते, हे फुकट दिसतं. मालकाचे खासगी तपशील सहसा झाकलेले असतात, पण संस्थेचं नाव आणि राज्य बहुतेक वेळा दिसतं. तुमच्या दुकानाची वेबसाइट असेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी ते बघून या.

नवीन घेताना चार गोष्टी स्वतःच्या हातात ठेवा. रजिस्ट्रारच्या साइटवर अकाउंट तुमच्या ईमेलनं उघडा, आणि तो ईमेल धंद्यासाठी वेगळा काढलेला असेल तर उत्तम. मोबाइल नंबर असा द्या ज्याचा रिचार्ज चुकत नाही, कारण ओटीपी त्यावरच येणार. 'रजिस्ट्रंट' असं जिथं लिहिलंय तिथं मालकाचं किंवा फर्मचं खरं नाव टाका. पावती दुकानाच्या नावानं घ्या आणि सांभाळून ठेवा. वेबसाइट बनवणाऱ्याला काम करायला डीएनएसची परवानगी द्या, अकाउंटचा पासवर्ड देऊ नका. पासवर्ड मागणारा चोर असतो असं नाही, पण त्याची गरज नसते.

डॉट इनला नाव लपवणारी प्रायव्हसी सेवा चालत नाही, आणि ओळखीची पडताळणी मागितली जाऊ शकते. ती टाळू नका, नाहीतर नाव बंद पडू शकतं.

आधीच दुसऱ्याच्या नावावर असेल तर? माणूस संपर्कात असेपर्यंत सोपं आहे. एकाच रजिस्ट्रारकडे तुमचं अकाउंट उघडून त्याला नाव तिकडे ढकलायला सांगा. किंवा त्याच्याकडून 'ऑथ कोड' घ्या आणि दुसऱ्या रजिस्ट्रारकडे ट्रान्सफर करा. नवं घेतलेलं नाव पहिले ६० दिवस हलवता येत नाही, एवढं लक्षात ठेवा. हे काम दिवाळीनंतर करू म्हणून ढकलू नका. माणूस दुरावला की ऑथ कोड मिळवणं फार जड जातं.

पैसे आणि मुदत

डोमेन विकत मिळत नाही. ते भाडेपट्ट्यावर मिळतं, एका वेळी १ ते १० वर्षांसाठी. मोठ्या अक्षरात दिसतो तो पहिल्या वर्षाचा दर, खाली बारीक अक्षरात रिन्यूअलचा. तुमचा खरा खर्च बारीक अक्षरातला. वर १८ टक्के जीएसटी. कार्टमध्ये आपोआप पडलेल्या गोष्टी, म्हणजे वेबसाइट बिल्डर, ईमेल, 'प्रोटेक्शन', काढून टाका. नंतर लागल्या तर घेता येतात. मी तर धंद्यासाठी सरळ ३ किंवा ५ वर्षांचे पैसे एकदम भरा म्हणतो.

ऑटो रिन्यू चालू केलं म्हणून निर्धास्त राहू नका. कार्डावरून आपोआप पैसे कापण्याबाबत रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून कडक आहेत, त्यामुळे परदेशी कंपन्यांचं ऑटो रिन्यू भारतीय कार्डावर बऱ्याचदा अडकतं. फोनच्या कॅलेंडरमध्ये महिनाभर आधीची तारीख टाकून ठेवा. मुदत संपली तरी नाव त्याच दिवशी जात नाही. काही दिवस नेहमीच्या दरात सोडवता येतं, मग ३० दिवसांचा रिडेम्प्शन काळ असतो आणि त्यात सोडवायला भरपूर जास्त पैसे लागतात. त्यानंतर नाव मोकळं. मोकळ्या झालेल्या नावांवर टपून बसलेले प्रोग्राम असतात, माणूस उठून दात घासेपर्यंत ते नाव घेऊन मोकळे होतात.

दुसऱ्याचं नाव घेतलं तर

दिल्लीतल्या एका डेव्हलपरनं जिओ आणि हॉटस्टार एकत्र येणार हा अंदाज बांधून दोन्ही नावं जोडून डॉट कॉम घेतलं आणि २०२४ मध्ये शिक्षणाच्या खर्चाची मागणी केली. बातमी व्हायरल झाली, तेव्हापासून मला 'असं एखादं नाव सांग ना दादा' असे मेसेज येतात. नका करू. आपल्या कोर्टांनी हे फार आधी ठरवून टाकलंय. १९९९ मध्ये रेडिफनं मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला होता, कारण कोणीतरी आर-ई ऐवजी आर-ए करून 'रॅडिफ डॉट कॉम' चालवत होतं. एका अक्षराचा फरक, तरी कोर्टानं मनाई केली. २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं डोमेन नावाला ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं हे मान्य केलं. डॉट इनसाठी तर निक्सीचं वेगळं धोरण आहे, आयएनडीआरपी. नाव दुसऱ्याच्या ट्रेडमार्कसारखं आहे, तुमचा त्यावर खरा हक्क नाही, आणि घेतलंय ते वाईट हेतूनं, हे सिद्ध झालं की लवाद नाव काढून समोरच्याला देतो.

उलट बाजूही आहे. तुमच्या दुकानाचं नाव खरंच वेगळं असेल तर ट्रेडमार्कचा विचार करा. आणि नाव ठरवण्याआधी सरकारच्या आयपी इंडिया साइटवर ट्रेडमार्क शोधून बघा, फुकट आहे.

नाव घेतल्यानंतर काही दिवसांत किंवा महिन्यांत एक इंग्रजी मेल यायची शक्यता आहे. 'चीनमधली एक कंपनी तुमचंच नाव डॉट सीएनमध्ये नोंदवायला निघालीय, तुम्ही आधी पैसे भरले तर आम्ही तुमच्यासाठी राखून ठेवू.' जगभर दुकानदारांना हा मेल वर्षानुवर्षं येतोय. अशी कोणती कंपनी नसते. दुसरा प्रकार बिलासारखा दिसणारा मेल: 'तुमच्या डोमेनचं लिस्टिंग संपतंय.' रिन्यूअलचे पैसे फक्त ज्या रजिस्ट्रारकडे अकाउंट आहे तिथं, स्वतः लॉगिन करून भरायचे. मेलमधल्या बटणावरून नाही.